एक भाकरी जास्तीची

१४ जानेवारी १९७३, रविवार

राहीस, तुझ्या घरधन्याचा सलाम.

तुझा पाय कसा आहे? वजन लावून टांगलेल्या पायाला फार रग लागते का? आपल्या मार्थाची पाठ कशी आहे? पोर दवाखान्यात दिवसभर उभी असते, त्यात आता आईचंही करायचं. जावईबापूंचा खोकला गेला का? नातीला दुसरा दात आला का, की अजून एकाच दातावर सगळ्यांना चावते आहे? तुझ्या शेजारच्या खाटेवरची पारनेरकडची म्हातारी मला सारखी "मामा, पान हाय का?" विचारत होती. तिला बरं वाटतंय का? इकडं शेळी बरी आहे. कोंबडी खुडूक बसली आहे. शेजारच्या बायडाबाईचे गुडघे होते तसेच. मी खुशाल आहे असं लिहितो, कारण पत्रात तसंच लिहितात.

हे पत्र नाही. काल नगरहून निघताना मार्थानं ही कोरी वही दिली आणि म्हणाली, बाबा, रोजचं लिहीत जा, घर खायला उठणार नाही. पण मला पत्राशिवाय दुसरं लिहिता कुठं येतं? तिशीत अक्षरं शिकलो, तीही शेळ्या वळता वळता, गीतांच्या पुस्तकावरून. तेव्हा तुलाच लिहितो. तुला वाचता येत नाही, म्हणून मनात येईल ते लिहायला हरकत नाही.

आज संक्रांत. बायडाबाईनं तीळगूळ आणला. गूळच जास्त, तीळ औषधापुरते. म्हणाली, "घ्या दाजी, गोड बोला. आता घरात बोलायला कोन न्हाई, तर शेळीशी बोला."

१६ जानेवारी, मंगळवार

भाकरी या विषयावर लिहितो.

तू गेलीस त्याला आठ दिवस झाले. विहिरीत वाटीवाटीनं पाणी भरायला उतरलीस आणि पायरी निसटली, ते डोळ्यासमोरून जात नाही. दुष्काळी कामावरच्या जीपमध्ये तुला ठेवलं, तेव्हा मला वाटलं आता प्रार्थना कर म्हणशील. मी तोंड उघडणारच होतो. तर तू म्हणालीस, "रोज एक भाकरी जास्तीची टाका. फडक्यात गुंडाळून बाहेरच्या भिंतीतल्या दिवळीत ठेवा. अन् ठेवली की बघत बसू नका."

बाई मोडल्या मांडीची आणि बोलणं भाकरीचं. मला वाटलं, दुखण्याच्या भरात बरळतेस. पण तुझा शब्द म्हणून करायला बसलो.

रेशनच्या लाल मिलो ज्वारीला विरी म्हणून नाही, पीठ चिकटतच नाही. थापायला गेलो की भाकरीचा नकाशा होतो आणि उचलायला गेलो की नकाशाचे तालुके होतात. तीन वेळा मोडली. चौथीला बायडाबाई दारात येऊन उभी राहिली. हसून हसून तिनं गुडघे धरले. मग म्हणाली, "दाजी, आधनाचं पानी घाला. चटका बसला की मिलो बी नरम येतो. मान्सावानी." कढत पाण्यानं पीठ मळलं. भाकरी झाली. गोल नाही, पण एकसंध.

दोन माझ्या, एक दिवळीत. कोणासाठी, ते तुला आणि देवाला ठाऊक. माझ्या मते कावळ्यासाठी.

२१ जानेवारी, रविवार

येशूचं देऊळ झाडणं, घंटेची दोरी बघणं, सतरंजी घालणं ही तुझी कामं आता माझ्याकडे आली. मी मंडळीचा पंच. बावीस वर्षं उपासनेत उभा राहून प्रार्थना करतो. लोक म्हणतात, आसारामबाबांची प्रार्थना ऐकावी. पण त्या देवळाला इतके कोपरे आहेत हे मला आजवर माहीत नव्हतं.

खुंटीवर मृदंग आहे. त्याची खोळ काढली तर आत सगळं ठाकठीक. कातड्याच्या वाद्या तेल देऊन मऊ ठेवलेल्या. सात वर्षांत त्यावर थाप पडली नाही आणि तू त्याला तेल पाजते आहेस. घरात फोडणीला तेल नाही, राही. याचा अर्थ मला कळला नाही.

सूर्यभान आजही कंपाउंडच्या भिंतीबाहेर, लिंबाखालच्या दगडावर बसला होता. उपासना सुरू झाली की येऊन बसतो, शेवटचं गीत झालं की उठून जातो. सात वर्षं. आम्ही मृदंगाशिवाय कसे बेताल गातो, ते ऐकून हसायला येतो असं माझं मत आहे. आज खिडकीतून बघितलं तर त्याची बोटं मांडीवर हलत होती. माश्या हाकलत असेल.

बघून जुनं आठवलं, म्हणून लिहितो. वीस वर्षं तो माझ्या कीर्तनाला मृदंगावर होता. डाव्या हाताचं एक बोट कडबा तोडताना कोयत्यानं अर्धं गेलं, तरी साडेतीन बोटांची थाप वेशीपर्यंत ऐकू जायची. सणाच्या दिवशी तू प्रभुभोजनाच्या पोळीसाठी गव्हाची कणीक मळायचीस, तेव्हा तो पहाटेच दारात उभा. "वहिनी, गोळा." एवढंच बोलायचा. तू कणकेतून आवळ्याएवढा गोळा तोडून द्यायचीस. तो मृदंगाच्या डाव्या पुडीला थापला की घुमारा यायचा. मी चिडवायचो, प्रभूच्या पोळीत आधी याचा वाटा.

मग त्यानं गावच्या यात्रेत देवीच्या पालखीपुढं हलगी वाजवली. आपल्या आज्यांनी ख्रिस्ती होताना जे सोडलं, ते यानं भर चावडीसमोर गळ्यात अडकवलं. पंचांनी त्याला मंडळीबाहेर काढलं. कागद मी लिहिला. माझं अक्षर बरं आहे म्हणून.

२७ जानेवारी, शनिवार

दिवळीतलं कावळ्याचं काम नव्हे. रोज भाकरी जाते आणि फडकं धुऊन, चौघडी घालून परत येतं. काल फडक्यात मूठभर बोरं होती. आज बघतो तर आपली बोथट विळी, जी मी बाहेर टाकली होती, तिला धार लावून ठेवलेली.

बायडाबाईच असणार. बिचारी एकटी, पोरं ऊसतोडीला गेलेली. तिचे आभार मानले. म्हणालो, भाकरी न्यायला लाज कसली, समोर येऊन घेत जा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की शेळीकडेही कोणी पाहत नाही. "दाजी," म्हणाली, "तुमाला शास्तर वाचायला कोनी शिकवलं?" मी म्हणालो, स्वतःच शिकलो. "तरीच," म्हणाली आणि गेली.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज खोटं लिहिणार नाही. दिवसभर पाझर तलावावर खडी वाहिली. घरी आलो, तर सकाळची जास्तीची भाकरी ठेवायची राहून गेली होती. भूक होती. खाल्ली. मनाला समजावलं की बायडाबाईला आज तिच्या भावानं जेवायला बोलावलं आहे.

बाहेर पाय धुवायला गेलो तर दिवळीत कालचं फडकं. धुतलेलं, चौघडी घातलेलं. कोणी पान मांडून बसावं तसं वाट बघत बसलेलं.

भाकरी घशाखाली गेली होती, पण उतरली नव्हती.

११ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेब सायकलीवर आले. महिन्यातून एकदाच आपली पाळी. म्हणाले, यंदा पुनरुत्थानाच्या दिवशी, बावीस एप्रिलला, प्रभुभोजन आपल्या देवळात. पोळी कोण करणार? मी म्हणालो, राही नाही तर मी करीन. मागं कोणीतरी हसलं. पण गहू कुठून आणायचा?

घरी येऊन उतरंड शोधली. सगळ्यात खालच्या गाडग्यात, राखेत पुरलेली पुरचुंडी निघाली. दोन ओंजळी गहू. तोंडाला तुझी ती तीन पदरी गाठ. या दुष्काळात आपण दोघांनी हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढले आणि तू हा गहू त्या पोळीसाठी राखून ठेवलास. बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी नक्की म्हणालो असतो, प्रभू समजून घेईल, दळून टाक.

जाताना पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "तो लिंबाखाली बसतो, त्याचं काय?" मी म्हणालो, कागद झालेला आहे, साहेब. ते सायकलीची घंटी पुसत राहिले.

१९ फेब्रुवारी, सोमवार

घोडेगावच्या फाट्यावरून एस.टी. धरून तुला भेटून आलो. फाट्याच्या वाटेवर बाजाराला निघालेली जनावरं लागली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तू मात्र खाटेवर राणीसारखी. त्या पारनेरच्या म्हातारीला तू तिथूनच दोऱ्यानं गोधडी टाचायला लावली आहेस.

माझी तब्येत विचारशील असं वाटलं होतं. तू विचारलंस, "रोज ठेवता ना?" मी म्हणालो, रोज. एक दिवस गिळला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसलीस. तुझ्या त्या हसण्याला मी पंचांच्या सभेपेक्षा जास्त भितो.

मी विचारलं, नेतं कोण? तू म्हणालीस, "नेणारा नेतो. तुमी ठेवनारे. एवढं पुरं हाय."

यावर मी येताना एस.टी.त एक प्रवचन तयार केलं. पण ते खडीवाल्या ट्रकच्या धुरळ्यात कुठं सांडलं, कळलं नाही.

७ मार्च, बुधवार

चार दिवस तापानं पडून होतो. वहीला हात नाही. चूल नाही, भाकरी नाही. बायडाबाई पेज देत होती.

आज उठून बाहेर आलो तर दिवळीत फडकं. उघडलं. आत भाकरी. मी केलेली नव्हे. बायडाबाईचीही नव्हे. तिची भाकरी चंद्रासारखी असते, ही एका बाजूला करपलेली, पुरुषाच्या हातची. उचलून तव्यावर टाकताना बोटांचे ठसे दोन्ही कडांना उमटलेले. एका कडेला चार.

दुसऱ्या कडेला साडेतीन.

शेळीनं येऊन एक कड खाल्ली, तेव्हा भान आलं. उरलेली मी बसून खाल्ली. सगळी.

९ मार्च, शुक्रवार

बायडाबाईला विचारलं. ती निवडत होती ते सूप तिनं बाजूला ठेवलं. तिला मी इतकी वर्षं ओळखतो, पण सूप खाली ठेवून बोलताना पहिल्यांदा पाहिली.

त्या यात्रेच्या दोन दिवस आधी सूर्यभानच्या बायकोच्या, बनुबाईच्या पोटात आतडं पिळलं होतं. गावात गाडी नव्हती. गहिनीनाथ पाटलानं पालखीसाठी सजवलेली बैलजोडी सोडवली, स्वतः गाडी हाकली आणि तिला नगरला नेलं. बनुबाई वाचली. पाटलानं बदल्यात काही मागितलं नाही. यात्रेच्या संध्याकाळी हलगीवाला आला नाही आणि पालखी खोळंबली, तेव्हा सूर्यभान आपण होऊन उठला आणि त्यानं हलगी घेतली. बायडाबाई म्हणाली, "देवीसाठी न्हाई वाजीवली त्यानं. बैलांसाठी वाजीवली."

मी म्हणालो, मग हे त्यानं पंचांसमोर सांगितलं का नाही?

"इच्यारलं कुनी?"

राही, आम्ही विचारलं नव्हतं. मी शास्त्रातली वचनं काढून नेली होती, खुणेचे कागद घालून. विचारायचं राहून गेलं.

ती पुढं म्हणाली, तीन वर्षांनी बनुबाई गेली, तेव्हा मातीला मी प्रार्थना केली आणि त्याच्या घरचा पाण्याचा तांब्या न घेता परतलो. तू तीन दिवस त्याला भाकरी नेलीस. चौथ्या दिवशी मी म्हणालो, बाहेर काढलेल्याच्या घरी पंचाच्या बायकोनं जाऊ नये. तेव्हापासून तू गेली नाहीस. तेव्हापासून दिवळी आहे. माझा शब्दही पाळलास आणि त्याची भाकरीही. चार वर्षं मी त्या दिवळीशेजारी बसून दात घासतो आहे.

मी निघताना ती म्हणाली, "आता सूर्यभान बी जानार हाय. कोल्हारला भाचीकडं. तिकडं नदीला पानी हाय. सन झाला की जातो म्हनला, हितं माझं कोन हाय."

१४ मार्च, बुधवार

रोज भाकरी ठेवतो. आता कोणासाठी ते ठाऊक आहे, म्हणून आणखी वाकडी होते.

आज त्याच्या घराकडे निघालो. बाभळीपर्यंत गेलो आणि परत आलो. देवासमोर पाव तास न थांबता बोलणारा मी, माणसासमोर बोलायचे चार शब्द जुळेनात. "चुकलो" म्हणायचं, तर तो विचारेल, कधी कळलं? आणि "ये" म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं? दार मीच लावलेलं.

बायडाबाईनं परतताना पाहिलं. "काय दाजी, बाभळीला सलाम करून आलात?"

८ एप्रिल, रविवार

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. दिवळीचंही. ते म्हणाले, पंचांनी घातलेली बंदी पंचांनी उठवावी, पण त्यानं येऊन क्षमा मागायला हवी. मी म्हणालो, साहेब, क्षमा मागायची आहे ती मला. दुसरे पंच श्रीमंत, नावापुरतेच. ते म्हणाले, असं केलं तर शिस्त राहील का? मी म्हणालो, कागद माझ्या अक्षरात आहे, त्याखाली आता माझ्याच अक्षरात लिहितो की आम्ही न विचारता निवाडा केला. श्रीमंतांनी बराच वेळ टोपी फिरवली. शेवटी म्हणाले, "लिव्हा. अक्षर तुमचं बरं हाय." आणि खाली अंगठा उठवला. ते टोचून बोलले की मनापासून, कळलं नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "आता कागद झाला, आसारामबाबा. माणूस कोण आणणार?"

२१ एप्रिल, शनिवार

गहू दळला. जात्याला ओवी न म्हणता दळता येत नाही, हे आज समजलं. पीठ चाळून भांड्यात झाकून ठेवलं आहे. एवढंसं. एक पोळी होईल, नीट लाटली तर.

सूर्यभाननं बोचकं बांधलं आहे असं बायडाबाई सांगत होती. सोमवारची एस.टी.

अजून त्याच्याशी बोललो नाही. काल उत्तम शुक्रवारी तो दगडावर होता, मी खिडकीत. तीन तास. आमच्यात एक भिंत, तीही कमरेएवढी.

२२ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

क्रमानं लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

पहाटे कणीक मळली. गोळा हातात आला तेव्हा एकदम वाटलं, आता दारात "वहिनी" ऐकू येईल. कोणी आलं नाही. मी हात धुवायला उठलो आणि पुन्हा बसलो. बोलायचे शब्द मला दीड महिना सापडत नव्हते, ते तुझ्या परातीत पडलेले होते.

कणकेतून आवळ्याएवढा गोळा तोडला. उरल्यात पोळी लहान झाली, तळहाताएवढी. होऊ दे. मग मिलोची भाकरी टाकली, रोजच्यासारखी. भाकरीवर गोळा ठेवला, फडक्यात गुंडाळला, दिवळीत ठेवला. बघत बसलो नाही.

देवळात जाऊन मृदंग काढला. खोळ उतरवली, त्याच्या जुन्या जागी सतरंजीवर ठेवला. लोक आले. कोणी काही विचारलं नाही, पण ती जागा सोडून बसले. पाळकसाहेबांनी उपासना सुरू केली. मी खिडकीतून पाहिलं. लिंबाखालचा दगड रिकामा होता.

राही, सात वर्षं तो दगड मला डोळ्यात खुपत होता. आज रिकामा दिसला, तर जास्तच खुपला. एक दिवस आधीच गेला, असं वाटलं. पहिलं गीत आम्ही बेताल गायलो. माझा सूर कुठं होता मला माहीत नाही.

दुसरं गीत सुरू व्हायच्या आधी मागं बायका सरकल्याचा आवाज आला. तो आला. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. कोणाकडे पाहिलं नाही. जागेवर बसला, मृदंग मांडीवर घेतला, वाद्यांवरून बोट फिरवलं आणि थबकला. त्या मऊ आहेत हे त्याला कळलं. मग फडकं सोडलं, गोळा काढला. पहाटेपासून गोळ्याला कोरड धरली होती.

तेव्हा त्यानं मान वर केली. सात वर्षांनी माझ्याशी पहिला शब्द बोलला.

"पानी हाय का?"

प्रभुभोजनाच्या मेजाशेजारी पाळकसाहेबांचा तांब्या होता. सगळ्या वाडीत आज तेवढंच गार पाणी. मी उचलला आणि त्याच्या हातावर धार धरली. धार मोठी पडली, पाणी सतरंजीवर सांडलं. तो म्हणाला, "बेतानं." मी म्हणालो, "सूर्यभान, चुकलो रे." तो कणीक मळत होता. म्हणाला, "आधी गीत होऊ दे."

साडेतीन बोटांची थाप पडली. बायडाबाई आपल्या ओट्यावर होती. ती नंतर म्हणाली, घुमारा तिथंवर आला आणि तिनं चुलीवरचं दूध उतू घालवलं. दूध कुठलं, ते मी विचारलं नाही.

पोळी लहान होती. पाळकसाहेबांनी मोडली तेव्हा एकेकाला जोंधळ्याएवढा तुकडा आला. ताट पंचानं फिरवायचं असतं. त्याच्याजवळ गेलो. डावा हात कणकेनं भरलेला, म्हणून त्यानं उजवा पुढं केला. दोन्ही हातांना एकाच परातीतलं पीठ होतं. मला रडू आलं, आणि त्यात श्रीमंतांचा तुकडा जमिनीवर पडला. त्यांनी तो उचलून, फुंकून खाल्ला. शिस्तीचं काही बोलले नाहीत.

२३ एप्रिल, सोमवार

एस.टी. गेली. तो गेला नाही.

आज आमच्या ओट्यावर बसून दोघांनी भाकरी खाल्ली. मी विचारलं, तुला कधी कळलं की भाकरी मी करतो? म्हणाला, "पयल्याच दिवशी. वहिनीची भाकरी अशी अवघडलेली नसती." मग नेत का राहिलास? तर म्हणाला, "तुझ्या हातची हुती म्हनून. म्हनलं, आसारामानं सात वर्सांनी हात फुडं केला, तोंडानं बोलाय लाजतोय. एक दिवस ठेवली न्हाईस, तवा मातर वाटलं, मन फिरलं तुझं. त्या दिवशी कोल्हारला निरोप धाडला."

राही, तो तीन फेब्रुवारीचा दिवस.

मला ठाऊकच नव्हतं, मी कावळ्याला ठेवत होतो, हे त्याला सांगायला तोंड उघडलं. तो भाकरी मोडत होता. करपलेली बाजू स्वतःकडे ठेवून मऊ बाजू त्यानं मला दिली. मी तोंड मिटलं. हे खोटं बोलणं झालं का? शास्त्र बरंच चाळलं. नेमकं वचन सापडत नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

मार्थाचा निरोप आला. वजन काढलं, महिन्याभरात तुला घरी आणायचं. सूर्यभान ओट्याची पायरी उतरती करतो आहे, तुला काठीनं चढता यावं म्हणून. त्याचं आणि बायडाबाईचं त्यावरून रोज भांडण. ती म्हणते उतार जास्त झाला, तो म्हणतो गुडघे कुणाचे जास्त वाजतात ते ठरवू.

ही वही कुणाला दाखवायची नाही असं ठरवलं होतं. पण तुझ्यापुढं काय झाकायचं? उद्या सूर्यभान नगरला तुला बघायला येतो आहे, त्याच्या हाती देतो. मार्था वाचून दाखवील. तीन फेब्रुवारीचं पान तिनं हळू आवाजात वाचावं. तो बाहेर बसलेला असेल.

आता एकच अडचण. तो घरात बसून जेवतो, म्हणून चार दिवस दिवळी रिकामी आहे. हात मात्र ऐकत नाही, भाकरी एक जास्तीचीच होते. आज ती फडक्यात गुंडाळून ठेवून दिली आहे. बघत बसलो नाही.

तर आता ती कोणाची, हे तुला ठाऊक असेलच. मार्थाकडून दोन ओळी लिहवून घे आणि लवकर धाड. भाकरी गार होते आहे.

तुझा
आसाराम